बरी

खानापूर तहसीलच्या भिंतीला टेकून
माझी घडीची खुर्ची, गुडघ्यावर फळी.
दुसऱ्यांचं मी एका दमात लिहितो:
वारसा नोंद, रेशन कार्डात चुकलेलं नाव,
गव्यांनी तुडवलेल्या भाताची भरपाई.
विषय, महोदय, मी खाली सही करणार...
पेन अडत नाही.
लोक म्हणतात, मोनाप्पा, मशीन हाय की रे तुझा हात.

आबांवर चार ओळी लिहायच्या म्हटलं
तर श्रावण गेला, गणपती गेले,
रताळी निघून बाजारात आली,
वहीचं पहिलं पान होतं तसंच.
कुणी मागितलेल्या नाहीत या ओळी.
तीच अडचण.
मुदत नाही, शिक्का नाही,
पोच कुणाकडून घ्यायची ते माहीत नाही.

लिहीत नव्हतो, पण सुटलोही नव्हतो.
एक शब्द बसमध्ये आला, शेजारी टेकला
आणि नंदगडच्या फाट्यावर उतरूनही गेला.
एक आला दाढी करताना;
तोंडाला फेस, थांब म्हणता येईना.
आठ दिवस नुसते यात गेले
की बाप लिहू, का वडील.
घरात ते आबा.
आईचे अवो.
कौलांच्या कारखान्यात चौदा नंबर.
कुणाबद्दल लिहायचंय तेच ठरेना
आणि तोपर्यंत माणूस मनात
दाराशी चपला काढून उभाच.

भट्टी उघडली की आबा
एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवायचे.
मान जराशी कलती, डोळे भलतीकडेच.
खणकन वाजलं तर उजवीकडे.
बद्द वाजलं तर डावीकडे.
दिसायला दोन्ही सारखीच तांबडी.
डबा घेऊन गेलेला मी विचारायचो,
चीर दिसत नाही, मग?
"दिसंना म्हणूनच वाजवायचं की."

तर मीही वाजवत बसलो.
माझे वडील अतिशय कष्टाळू होते.
बद्द.
आबांचे हात मातीचे होते.
बद्द, आणि वर उसनं.
ज्या वर्षी मलप्रभेचं पाणी भट्टीपर्यंत आलं
(हे जरा वाजलं. रात्रभर उशाशी ठेवलं.
सकाळी पुन्हा वाजवलं. बद्द.)
डावीकडचा ढीग माझ्या कमरेला लागला.

शेजारी गंगाप्पा, कानडी टायपिंगवाला.
संध्याकाळी प्रिंटरवर फडकं टाकताना
रोज वाकून माझ्या वहीत बघतो
आणि म्हणतो, "अण्णा, बरी."
त्याच्या भाषेत बरी म्हणजे लिही.
त्याच्याच भाषेत बरी म्हणजे नुसतं, रिकामं:
बरी हाळी, कोरा कागद.
आणि माझ्यात
तब्येत असते बरी, भाजी होते बरी,
चांगली नव्हे, पण चालेल अशी.
दोन महिने मी या एका शब्दावर
खुर्ची टाकून बसलेला.

मग परवा, कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला लिहिताना,
घर: कौलारू की स्लॅबचे, या रकान्यापाशी
पेन थांबलं.
यापूर्वी कधी थांबलं नव्हतं.

डावीकडची कौलं कारखाना फुकट द्यायचा.
आबांनी ती डोक्यावरून आणली, खेपेला सात-आठ,
आणि आमचं घर शाकारलं.
गळायचं.
ताटं, तपेली, माझी पाटी,
जिथं थेंब तिथं भांडं मांडलेलं.
पण घर होतं. त्याखाली मी बाराखडी शिकलो.

दाखलेवाल्याला म्हटलं, थांब जरा.
वही काढली. लिहिलं:
आमच्या घरावर सगळी डावीकडची कौलं होती.
पेरानं वाजवलं.
बद्दच.
ठेवलं उजवीकडे.

गंगाप्पानं प्रिंटरवरनं मान वर केली.
"बरदी?"
"बरी," म्हटलं मी.
यातलं कुठलं त्यानं ऐकलं, कोण जाणे.
दाखलेवाला घड्याळ बघत होता,
साहेब चारला उठतात.